पहिल्या भांगात खांड बुजली पाहिजे: खारेपाटाच्या बांधांचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय अधिकारी, आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांस,

स. न. वि. वि.

खारेपाट म्हणजे आमचा खाडीकाठचा खाऱ्या जमिनीचा पट्टा. तिथल्या खाडीच्या बांधाला पडलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो, आणि अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांना भांग. खांड पडल्याची खबर तुमच्यापर्यंत आली की तिची लांबी लिहून घेतली जाते, मीटरमध्ये. तिची तिथी कुणी लिहीत नाही. ती तिथी का लिहायला हवी, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मी अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. लग्न होऊन आले त्याला तेहतीस वर्षं झाली. माझं माहेर दापोलीकडे, समुद्राला लागून. तिथे पायाखाली वाळू होती, इथे चिखल. पहिल्या वर्षी मला या चिखलाची भीती वाटायची. मग मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बांधावर नेऊन दाखवलं की आपलं घर, गोठा, तलावातला जिताडा मासा आणि वर्षाचा भात, सगळं या चिखलाच्या भिंतीमागे आहे. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला खाडीचं पाणी आणि उजव्या हाताला आपलं शेत. शेत पाण्याच्या पातळीच्या खाली. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही, म्हणून तुमच्यापैकी ज्यांनी फक्त ओहोटीच्या वेळी गाडी उभी करून बांध पाहिला आहे त्यांना विनंती, एकदा अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या पाडवा-बीजेच्या भरतीला या.

ही जमीन कुणी दिलेली नाही, खाडीतून काढून घेतलेली आहे. पिढ्यान् पिढ्या बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन, खाऱ्या जमिनीत तगणारा काळा रत्ता, भुरा रत्ता असा भात पेरून ती कसदार केली. जुन्या काळी अशा बांधाखालच्या जमिनींना शिलोत्री म्हणत. बांध राखायचा तर जोळ असायची. जोळ म्हणजे ज्यांची शेतं एका बांधामागे आहेत त्या सगळ्यांनी मिळून बांध सांभाळायचा. ज्याची जमीन जास्त त्याचं काम जास्त. घरटी माणूस ठरलेला. हाक आली की जेवणावरून उठायचं. १९४८ साली मुंबई इलाख्यात खारभूमीचा कायदा झाला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास अधिनियम आला, आणि बांध सरकारी योजनेत गेले. त्यात चांगलंही झालं. एका गावाच्या ताकदीबाहेरची लांब लांब बांधबंदिस्ती झाली, उतारावर दगड रचून पिचिंग झालं, पक्क्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, बसल्या. ते मी नाकारत नाही. पण बांध सरकारचा झाला तशी जोळ सुटली, आणि खांड पडल्यावर जेवणावरून उठणारं कुणी उरलं नाही.

मामंजी श्रावणातल्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. मी दोन-तीनदा सोबत गेले आहे. ते पाण्याकडे बघायचेच नाहीत. शेताकडच्या उतारावर, बांधाच्या पायथ्याशी वाकून हात फिरवायचे. खेकड्याने बांधात बीळ पाडलेलं असतं. दिवसा ते दिसत नाही. भरती चढली की त्या बिळातून बोटभर जाडीचं पाणी शेतात झिरपतं. स्वच्छ पाणी असेल तर फारशी काळजी नाही. गढूळ आलं, म्हणजे बांधातली माती घेऊन आलं, तर ती जागा रातोरात बुजवायची. एकदा त्यांनी माझा हात धरून त्या झिऱ्यावर ठेवला. पाणी कोमट होतं आणि बोटांना माती लागत होती. त्यांनी पेंढ्याची गुंडाळी करून बिळात कोंबली, वर चिकट चिखलाचं ढेकूळ टाचेने दाबून बसवलं, आणि पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथे बसून राहिलो. खर्च काही नाही. पेंढा घरचा, चिखल खाडीचा.

तेच मला म्हणाले होते, "येनारं पानी भिववतं, जानारं पानी बांध खातं." याचा अर्थ मला पुढे कळला. खांड पडते ती भरतीत, पण ती मोठी होते ओहोटीत. शेतात शिरलेलं सगळं पाणी सहा तासांत त्या एका फटीतून परत खाडीत धावतं. जाताना तळ खरवडतं, कडा पाडतं. दिवसातून दोनदा येणं, दोनदा जाणं. पहिल्या दिवशी खांड गुडघ्याएवढी खोल असेल तर आठव्या दिवशी तिच्यात माणूस बुडतो. तळ एकदा खाडीच्या पातळीला गेला की पेंढा-चिखलाने काम होत नाही, मग पोकलेन लागतो, बार्जमधून दगड आणावा लागतो, आणि पैसे कोटींत मोजावे लागतात.

आता तिथीचं सांगते. आमच्याकडे लहान मुलालाही हा हिशेब येतो. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी सर्वांत उंच चढतं आणि सर्वांत खाली उतरतं, म्हणजे खांडीतून जोरही सर्वांत जास्त. मग अष्टमी-नवमीकडे भांग लागतो. भांगात भरती जेमतेम चढते, ओहोटीही फार उतरत नाही, पाण्याला ओढ नसते. खांड बुजवायची ती या तीन-चार दिवसांत. खांड बहुधा उधाणात पडते, आणि भांग तिच्यामागून आठवड्याच्या आत येतो. जणू समुद्रच सांगतो की तुम्हाला एवढी सवड दिली. ही सवड हुकली की पुढच्या उधाणात खांड दुप्पट होते. त्यानंतरच्या भांगाला गावाचं बळ पुरत नाही.

आमच्या गावाची खांड अशी हुकली. काही वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या बीजेला, रात्री दीडच्या भरतीत, उघाडीच्या बाजूला बांध सुटला. उघाडीची झडप आधीच कुजलेली होती. ज्यांना उघाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतात साठलेलं पावसाचं पाणी ओहोटीत बाहेर जाऊ देणारी आणि भरती चढली की पाण्याच्याच दाबाने बंद होणारी ही झडप. लाकडाची असो की लोखंडाची, ती घट्ट बसली नाही तर खारं पाणी उलटं आत येतं आणि बाजूची माती सैल करतं. आम्ही त्या झडपेसाठी दोन वर्षं अर्ज देत होतो. अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

सकाळी पाहिलं तेव्हा खांड एवढीच होती की माणूस आडवा झोपला असता तर बुजली असती. फोन केले. फोटो मागितले, ते पाठवले. तीन दिवसांनी साहेब येऊन गेले, मोजमाप झालं, अंदाजपत्रक करतो म्हणाले. अष्टमी जवळ आली होती. गावातली चाळीस-पन्नास माणसं तयार होती. आम्ही बायकांनी खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन ठेवल्या होत्या, पेंढा काढला होता, कुणी बांबू तोडून आणले होते. तेव्हा सांगण्यात आलं की बांध सरकारी आहे, काम ठेकेदारामार्फत होईल, तुम्ही हात लावला तर पुढे मोजमापाची अडचण येईल, आणि शेजारी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आहेत तेव्हा तिथला चिखल उचललात तर गुन्हा दाखल होऊ शकतो. पोरं घाबरली. दोघांना नुकत्याच नोकऱ्या लागल्या होत्या. गोण्या ओटीवर तशाच राहिल्या. भांग गेला. अमावास्येला खांड चाळीस पावलांची झाली. ठेकेदार आला तो पुढच्या वर्षी मे महिन्यात, आणि त्याने टाकलेला मुरूम पहिल्या पावसात वाहून गेला.

मी इथे कुठल्या एका साहेबाला दोष देत नाही. आलेले साहेब सज्जन होते, चिखलात उतरले होते. त्यांच्या हातात पाच हजार रुपये खर्च करायचा अधिकार नव्हता. दोष या व्यवस्थेचा आहे. ती मार्चअखेर पाहून पैसे सोडते आणि समुद्र अष्टमी पाहून सवड देतो. या दोन पंचांगांचा मेळ कुणी घातलेला नाही.

आज त्या खांडीतून होडी जाते. माझ्या सहा एकरांपैकी साडेचार एकरांत रोज दोनदा खारं पाणी असतं. खारं पाणी एकदाच येऊन गेलं तरी जमीन परत गोडी धरायला दोन-तीन पावसाळे लागतात. इथे तर ते कायमचं वस्तीला आलं. सातबाऱ्यावर पीक म्हणून भात लिहिलेला आहे. तिथे माझ्या डोक्याहून उंच तिवर उभं आहे. गावची विहीर मचूळ झाली, आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन आम्ही धावतो, त्याचं दुःख वेगळं लिहायला बसले तर पत्र संपणार नाही.

तिवराबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण या विषयावर शेतकरी आणि पर्यावरणवाले यांच्यात उगाच भांडण लावलं जातं. बांधाच्या बाहेरचं कांदळवन आमचं आहे, आम्हाला हवं आहे. लाटेचा जोर पहिल्यांदा ते अंगावर घेतं, त्याच्या मुळांत गाळ धरतो, बांधाला टेकू मिळतो. मामंजी बाहेरच्या तिवराची फांदी तोडू द्यायचे नाहीत, आणि तेव्हा उच्च न्यायालयाचा निकालही नव्हता. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला, ते योग्यच झालं. २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष ठरवलं, तेही चांगलं. पण बांधाच्या आतल्या, सातबाऱ्यावर शेत म्हणून नोंदलेल्या जमिनीत खांडीमुळे जे तिवर वाढलं त्याचं काय करायचं, याचं उत्तर शेतकऱ्याला कुणी देत नाही. त्याला भरपाई नाही, कारण जमीन त्याचीच आहे. ती कसता येत नाही, कारण आता ती कांदळवन आहे. विकायला काढली तर जे घ्यायला येतात त्यांना शेती करायची नसते. खांड वेळेत बुजली असती तर हा पेच आलाच नसता. म्हणून प्रत्येक खांडीची तारीख आणि तिथी नोंदवून नकाशावर चढवा. तिथे तिवर आधीचं की नंतरचं, हे त्या नोंदीवरून ठरेल. जिथे जमीन परत मिळवणं शक्य उरलेलं नाही तिथे सरकारने ती कांदळवन म्हणून रीतसर घ्यावी आणि मोबदला द्यावा. शेतकऱ्याला आपल्याच शेतात चोरासारखं उभं करू नये.

माझी मुख्य मागणी साधी आहे. प्रत्येक खारबांधामागच्या शेतकऱ्यांची जोळ पुन्हा कायद्याने उभी करा. ग्रामपंचायतीच्या खात्यात बांधाच्या लांबीनुसार थोडा पैसा कायम ठेवा, आणि खांड पडल्यापासून पहिल्या भांगापर्यंत ती बुजवण्याचा अधिकार जोळीला द्या. चिखल कुठून घ्यायचा ती जागा वन विभागाने आधीच, उन्हाळ्यात, आखून द्यावी, म्हणजे ऐनवेळी कुणी गुन्ह्याची भीती घालणार नाही. मोजमाप आणि पक्कं काम नंतर तुमच्या पद्धतीने करा, टेंडर काढा, काही हरकत नाही. उघाड्यांची तपासणी मृगाच्या आधी व्हावी, गावातला एक माणूस आणि तुमचा एक माणूस मिळून, आणि त्याचा कागद ग्रामसभेत वाचला जावा. आणि धरमतरच्या खाडीत बार्ज भरधाव जातात, त्यांच्या लाटा भांगाच्या शांत पाण्यातही बांधाला थपडा मारतात. बांधाजवळून जाताना त्यांना वेगाची मर्यादा घाला. याला पैसा लागत नाही, फक्त हुकूम लागतो.

गावाच्या हातात पैसा दिला तर खाल्ला जाईल, असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं. या भागाचा इतिहास त्यांना आठवून द्यावासा वाटतो. चरीचा शेतकरी संप याच खारेपाटातला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी खोतांची शेतं पेरली नाहीत. लाकडं विकून, हाल सोसून लोक एकत्र राहिले. सहा वर्षं उपाशी राहून एका शब्दाला जागलेल्या माणसांची ही नातवंडं आहेत. त्यांच्यावर काही हजार गोण्यांचा विश्वास टाकायला काय हरकत आहे?

माहेरच्या किनाऱ्याबद्दलही लिहायला हवं, जरी तिथलं दुखणं वेगळं असलं. वाळूचा किनारा पावसाळ्यात झिजतो आणि दिवाळीनंतर हळूहळू भरतो, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आमच्या घरापुढे पुळण, म्हणजे वाळूचा उंचवटा, होती, तिच्यावर मर्यादवेल पसरलेली, मागे केवडा आणि उंडीची झाडं. उधाण पुळणीवर चढायचं, थोडी वाळू न्यायचं, परत आणून टाकायचं. मग पुळण सपाट करून रस्ता झाला, नदीच्या तोंडातली वाळू पंपाने उपसली गेली, आणि समुद्राजवळ परत आणून द्यायला वाळूच उरली नाही. आता काळ्या दगडांचा बंधारा आहे. लाट त्याच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची उरलीसुरली वाळू घेऊन जाते. बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या माडांची मुळं उघडी पडली आहेत. रत्नागिरीजवळ मिऱ्याला, मालवणजवळ देवबागला जिथे वस्ती अगदी पाण्याला लागून आहे, तिथल्या लोकांना दगडाशिवाय दुसरा आधार नाही, हे मला कळतं. देवबागला तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी जमीन. त्या लोकांनी कुठे जायचं? पण जिथे पुळण अजून शाबूत आहे तिथे दगड टाकण्याआधी वाळूचा उपसा थांबवा आणि वेल-झाडोरा लावा. कंत्राटदाराला त्यात काही मिळत नाही, म्हणून ते काम मागे पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न एका गावाचा नाही. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रह चित्रांवरून देशाचा किनारा तपासला, तेव्हा साधारण एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला. महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा. जगभरच्या समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात वीस सेंटिमीटरने वाढली, आणि अलीकडे वेग वाढलेला आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे माझी वीत. ऐकायला कमी वाटतं. पण आमच्या बांधाचा माथा आणि मोठ्या उधाणाचं पाणी यांच्यात काही ठिकाणी वीतभरच अंतर असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावर आलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेलं. आम्ही त्या दोन्ही वेळी छपरापेक्षा बांधाकडे कान देऊन बसलो होतो.

पैसा नाही हे कारण आता पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभरातली धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपेने उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातलं आपल्या किनाऱ्यासाठी काय मागितलं, काय मिळालं, कुठल्या गावात लागलं, हे तुम्ही ग्रामसभांना लेखी कळवावं. निवडून आलेल्यांनी विधानसभेत हा प्रश्न तिथीसकट मांडावा.

आमच्या गावाच्या दक्षिणेला बांधाचा अजून एक तुकडा शाबूत आहे. त्याच्यामागे तीन वाड्यांची शेतं आहेत. गेल्या पौर्णिमेला त्याच्या शेताकडच्या उतारावर मला दोन ठिकाणी पाणी झिरपताना दिसलं. एका ठिकाणी ते गढूळ होतं. मी पेंढा कोंबून चिखल बसवला आहे. येत्या अष्टमीला गाव ती जागा नीट बुजवणार आहे. सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. तुमच्यापैकी ज्यांना सही करायचा अधिकार आहे त्यांनी त्या दिवशी सकाळी दहा वाजता बांधावर यावं. चिखल गुडघ्यापर्यंत आहे, त्या बेताने कपडे करून या. भाकरी आमच्याकडे असेल.

आपली नम्र,
खारेपाटातली एक शेतकरी